बंबाच्या खोलीतला सव्वा महिना

परवा फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात. पिल्लू पसंत केलंय, पट्टा आणलाय, खायचं भांडं आणलंय, आणि ज्या बाईंच्या घरी ते जन्मलं त्या अजून तीन आठवडे द्यायला तयार नाहीत. "आजी, ते आता स्वतःचं स्वतः खातं, मग थांबायचं कशाला?" असं धाकटीनं विचारलं. मी "थांबावं" एवढंच म्हणाले, कारण मागून तुमच्या आईचं हसणं ऐकू येत होतं. ती का हसत होती ते आज सांगते. हा प्रश्न मी एकदा सोडवला होता, आणि उत्तर चुकलं होतं.

तुमची आई तेव्हा दहा वर्षांची होती. नव्वदीचं दशक अर्धं सरलं असेल. आम्ही मल्लेश्वरमच्या जुन्या घरात राहायचो. मागे छोटं अंगण होतं. त्यात कपडे धुवायचा दगड, माझ्या कमरेएवढा उंच, आणि त्याच्या पलीकडे बंबाची खोली. बंब तुम्ही पाहिलेला नाही. आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, खाली जाळ घालायचा. जळण म्हणून आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची सालं, कोपऱ्यात रचून ठेवायचो. घरातली ती सगळ्यांत उबदार जागा.

घरात चार माणसं. तुमचे आजोबा, त्यांचं पेठेत कापडाचं दुकान. त्यांच्या आई, त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं. मी आणि तुमची आई. अक्कांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत फोडणीतल्या कढीलिंबासारखं कन्नड असायचं. मी बेळगावची. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि लग्नानंतर इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. मला प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक लागायचं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आठवड्याच्या भाज्यासुद्धा लिहिलेल्या असत. तुमचे आजोबा म्हणायचे, "आपल्या घरात भूक पण घंटा झाल्यावर लागते."

आमच्या गल्लीत एक फिक्या तपकिरी रंगाची कुत्री होती. मागच्या फाटकाशी रोज दुपारी उरलेल्या भातासाठी यायची, खायची आणि जायची. तिला आम्ही नाव ठेवलेलं नव्हतं. डिसेंबरच्या थंडीत ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बंब पेटवायला गेले तर सोडणांच्या ढिगातून चूं चूं आवाज आला. ती आत अंगाचं वेटोळं करून पडली होती आणि तिच्या पोटाशी पाच पिल्लं. तीन तिच्यासारखी, एक पांढरट, एक काळंभोर.

मी अक्कांना हाक मारली. त्या दारातूनच वाकून बघत उभ्या राहिल्या.

"बाळंतीण आहे," त्या म्हणाल्या. "आता सव्वा महिना हिला इथून हलवायचं नाही."

"आणि आंघोळीचं पाणी?"

"गॅसवर तापव. एवढी शिकलीस, पाणी तापवता येत नाही?"

सव्वा महिना ही आपल्याकडची रीत. बाळंत झालेल्या बाईनं तेवढे दिवस खोलीबाहेर पडायचं नाही. तिला गरम जेवण, अंगाला शेक, ओवा-शेपांची धुरी. तुमच्या आईच्या वेळी मीही तो काढला होता, आणि दुसऱ्याच आठवड्यात जीव उबगला होता. अक्कांनी त्या कुत्रीचा सव्वा महिना माझ्यापेक्षाही हौसेनं केला. मऊ भात, त्यावर चमचाभर तूप. संध्याकाळी ओव्याची धुरी, अर्थात लांबून. थाळी पुढे ठेवून त्या म्हणायच्या, "ऊट माडु, ऊट माडु," म्हणजे जेव, जेव. कुत्र्यांशी आमच्या घरात मी सोडून सगळे कन्नडमध्येच बोलायचे. ती गल्लीची, तिची भाषा गल्लीची.

मी माझ्या परीनं तयारीला लागले. शाळेच्या वाचनालयातून कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात एक तक्ता होता: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पातळ खाणं सुरू करावं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला आईचं दूध तुटतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या. मग लक्षात आलं की अक्कांचा सव्वा महिनाही सहाव्या आठवड्यातच भरतोय. एरवी पुस्तक आणि अक्का यांचं कधी जमायचं नाही. या वेळी जमलं असं मला वाटलं, आणि मी निर्धास्त झाले.

शिवाय मला घाई होती. बेळगावला माझ्या भाच्याचं लग्न होतं, सख्ख्या भावाच्या मुलाचं, आणि आम्ही सगळेच जाणार होतो. घर आठ दिवस बंद. तेव्हा मी असं ठरवलं: सव्वा महिना भरला की त्या रविवारी एक पिल्लू राजाजीनगरला, पुढच्या रविवारी दोन जे. पी. नगरला, उरलेली दोन दूधवाल्याच्या गोठ्यावर. मग आम्ही गाडीत बसायला मोकळे. कागदावर ते फार सुबक दिसत होतं.

खाणं सुरू केलं त्या दिवशी मी नाचणीची पातळ आंबील परातीत ओतून ठेवली. पाचही पिल्लं परातीत उतरली आणि बसली. एकानं नाकानं आंबील ओढली आणि शिंकलं. पांढरटानं आपल्या भावाची पाठ चाटून साफ केली, आणि तेवढंच त्या दिवशी कुणाच्या तरी पोटात गेलं. तुमची आई हसून हसून उंबऱ्यावर बसली. चार दिवसांत त्यांना जमलं. मग दही घालून कालवलेला मऊ भात.

एव्हाना त्यांना सुईसारखे दात आले होते. ती प्यायला लागली की त्यांची आई मध्येच उठायची, दोन-तीन पिल्लं लोंबकळत तिच्याबरोबर ओढली जायची, मग एकेक गळून पडायचं. ती तडक दगडावर उडी मारायची. तिथं पिल्लांचे पाय पोचत नसत. भिंतीकडे तोंड करून ती दगडावर पडून राहायची आणि खाली पाच जणांचा आरडाओरडा चालायचा. तुमच्या आईनं त्या दगडाचं नाव स्टाफरूम ठेवलं. "आई, तुझ्यासारखीच ती," असंही म्हणाली.

एकदा ती बाहेरून आली, पिल्लांनी तिचं तोंड चाटलं आणि तिनं खाल्लेला भात त्यांच्यापुढे ओकला. पिल्लं तुटून पडली. मी फिनेल आणि खराटा घेऊन धावले.

"खराटा ठेव," अक्का म्हणाल्या. "तुझ्या परातीपेक्षा ते बरं. तिनं मऊ करून आणलंय."

पाचवा आठवडा सरला. पिल्लं दिवसातून चार वेळा भात खायची. आई फार तर एकदा, तीही उभ्यानं, पाजायची. मी कॅलेंडरवर लिहिलं, दूध तुटलं.

रविवारी राजाजीनगरचं जोडपं रिक्षानं आलं. तुमच्या आजोबांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मूळचे निपाणीकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सहा वर्षांची नात राहायची आणि तिला पिल्लू हवं होतं. तिनं काळं पसंत केलं. तुमच्या आईनं त्याला वेताच्या टोपलीत ठेवलं, पण टोपली सोडेना.

"आई, आज नको."

"का?"

"ते अजून खेळता खेळता मध्येच तिच्याकडे जातं."

"प्यायला?"

"नाही. नुसतं जाऊन येतं."

"मग झालं की. आजची तारीख ठरली आहे."

तिनं टोपली दिली. ती वाद घालणाऱ्यातली नव्हती, मीच तिला तसं वाढवलं होतं. रिक्षा निघाली तशी कुत्री दगडावरून उतरली, फाटकाच्या फटीतून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या नळापर्यंत मागे धावली. परत आली ती सरळ बंबाच्या खोलीत गेली, आणि नाकानं एकेक सोडण बाजूला करून बघू लागली.

अक्का तेव्हा देवळात गेल्या होत्या. आल्या, अंगणात डोकावल्या.

"चारच दिसतात."

"एक राजाजीनगरला दिलं. सव्वा महिना झाला ना."

त्या माझ्याकडे वळल्या. "सव्वा महिना बाळंतिणीचा असतो. पिल्लांचा मी कधी म्हणाले?"

"पुस्तकात पण तेच आहे."

"सरी," अक्का म्हणाल्या. म्हणजे, बरं. त्यांच्या 'सरी'नंतर वाद संपायचा, पण त्या हरलेल्या नसायच्या.

दुपारी मी पुस्तक काढलं. तक्त्याच्या पानात माझी खूण तशीच होती. मी पान उलटलं. पलीकडे लिहिलं होतं की दूध तुटणं वेगळं आणि आईपासून, भावंडांपासून दूर करणं वेगळं. दूध तुटल्यावरचे दोन-तीन आठवडे पिल्लू त्यांच्यातच राहायला हवं, कारण किती जोरानं चावायचं, कधी थांबायचं, हे ते तेव्हाच शिकतं. आठ आठवड्यांच्या आत देऊ नये. मी परीक्षेच्या प्रत्येक तासाला मुलींना सांगायचे, प्रश्नपत्रिका उलटून मागची बाजू बघा. आणि मीच पान उलटलं नव्हतं.

तेव्हाच फोन करून पिल्लू परत मागायला हवं होतं. केला नाही. दिलेलं मागायचं कसं, ते लोक काय म्हणतील, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला माझी चूक कुणापुढे उघडी करायची नव्हती. तुमच्या आईलाही मी ते पान दाखवलं नाही. ती रोज शाळेतून आली की चार पिल्लं मोजायची आणि माझ्याकडे न बघता हातपाय धुवायला जायची.

गुरुवारी संध्याकाळी राजाजीनगरचे ते गृहस्थ, त्यांची पत्नी आणि नात फाटकाशी उभे राहिले. हातात तीच टोपली.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "पिल्लू चांगलं आहे हो. खातंय, पितंय. पण दात लावतंय."

"पिल्लं लावतातच."

"लावतात. पण ह्याला मापच कळत नाही. पोर ओरडली तरी सोडत नाही."

त्यांच्या पत्नीनं नातीचा हात पुढे केला. बोटावर बारीक निळसर ठिपक्यांची ओळ होती. रक्त आलं नव्हतं. मुलीनं हात ओढून पाठीमागे लपवला.

"आणि रडतंय कसलं म्हणता," पत्नी म्हणाल्या. "शेजारच्या बाई विचारून गेल्या, मारता काय हो त्याला?"

"मला ते नको," मुलगी म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली.

मी टोपली घेतली. "चूक त्याची नाही," मी म्हणाले. "मी लवकर दिलं." हे वाक्य मी चार दिवस तोंडातल्या तोंडात घोळवत होते. तुमची आई माझ्या मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं.

ते लोक गेल्यावर मी काळ्याला अंगणात सोडलं. मला वाटलं होतं आई झेपावेल, चाटेल. ती दगडावरून उतरली, जवळ आली, नाक लावलं आणि मागे सरकली. मग तिच्या घशातून गुरगुर आली. राजाजीनगरवाल्यांनी हौसेनं त्याला साबण लावून आंघोळ घातली होती, वर पावडर लावली होती. त्याला गुलाबाचा वास येत होता. भावंडांनीही त्याला हुंगलं आणि ती दूर जाऊन एकमेकांना चिकटून बसली. काळं मध्येच उभं. शेपटी हलवायचं, थांबायचं, परत हलवायचं.

"ती घेणार नाही का त्याला?" तुमच्या आईनं विचारलं. मला नाही, अक्कांना.

"स्वल्प थांब, पुट्टी." पुट्टी म्हणजे छोटी. घरात अक्का तिला तसंच म्हणायच्या. "पिल्लं निजतात ते गोणपाट आण."

अक्कांनी गोणपाटानं काळ्याला नखशिखांत पुसलं, घासलंच म्हणा ना. मग त्याला सोडणांच्या ढिगात, त्याच्या जुन्या जागी, ठेवलं. आम्ही तिघी उंबऱ्यावर बसलो. दिवस मावळायला आला होता. चहाची वेळ टळली, माझ्या वह्या तपासायच्या राहिल्या. ती आई दगडावरून बघत होती. मी मनात तिच्याशी बोलत होते, आणि आश्चर्य म्हणजे कन्नडमध्ये. बा, म्हणजे ये, एवढंच.

थोड्या वेळानं पांढरटानं धीर केला. जवळ जाऊन काळ्याचा कान ओढला. काळं आनंदानं वेडं झालं आणि त्यानं पांढरटाचा पाय असा धरला की ते किंचाळलं. सोडेना. पांढरट परत किंचाळलं.

ती दगडावरून उतरली. तीन ढांगांत खोलीत आली, काळ्याचं पूर्ण तोंड आपल्या जबड्यात धरलं आणि त्याला जमिनीशी दाबलं. माझा हात कोपऱ्यातल्या काठीकडे गेला.

"हात मागं घे," अक्का म्हणाल्या. "शिकवते ती."

काळं निपचित पडलं. तिनं सोडलं, क्षणभर वर उभी राहिली. मग खाली बसली आणि त्याला चाटायला लागली. कान, डोळे, मान, पोट. त्याच्या अंगावरचा उरलासुरला गुलाब तिनं चाटून काढला. तुमची आई माझ्या खांद्याला टेकली होती. किती वेळापासून, ते मला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी जे. पी. नगरला फोन करून आणखी थांबायला सांगितलं. दूधवाला म्हणाला, "अम्मा, लवकर होतंय असं मी आधीच सांगणार होतो, पण तुम्ही तारीख दिलीत." मग बेळगावला फोन. मी येत नाही म्हटल्यावर माझ्या भावानं विचारलं,

"कुत्रीच्या बाळंतपणासाठी सख्ख्या भाच्याचं लग्न सोडतेस?"

"हो," मी म्हणाले.

लग्नाला तुमचे आजोबा आणि अक्का गेले. अक्कांनी तिथं सगळ्यांना सांगितलं की मला ताप आलाय, आणि इतकं नेटकं सांगितलं की माझ्या वहिनीनं काढ्याची पुडी पाठवली. निघताना त्या मला म्हणाल्या, "भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू नको. तिच्याकडे बघ."

मी बघत राहिले. घरी मी आणि तुमची आई दोघीच होतो. आम्ही अंगणात बसून जेवायचो. पिल्लांची कुस्ती चालायची, एक ओरडलं की दुसरं थबकायचं, मग पुन्हा सुरू. काळं आधी थबकायचं नाही. मग एका ओरडण्यानंतर थबकायला लागलं, मग ओरडायच्या आधीच. आई जास्त वेळ बाहेर राहू लागली. आली तरी पिल्लं धावून गेलीच पाहिजेत असं राहिलं नाही. एखादं मान वर करून बघायचं आणि पुन्हा चप्पल चावायला लागायचं. त्या दिवसांत तुमच्या आईनं मला शाळेतल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्या माझ्या वेळापत्रकात कधी बसल्या नव्हत्या.

नववा आठवडा लागल्यावर मी राजाजीनगरला फोन केला. पत्नी जरा घुटमळल्या. "बघून जाऊ," म्हणाल्या. तिघंही आले. नातीनं हात फ्रॉकच्या खिशात घातला होता आणि तो काही केल्या बाहेर येईना. कुणी आग्रह केला नाही. काळं तिच्या बुटांचा वास घेत राहिलं. शेवटी तिनं दुसऱ्या हाताचं, न चावलेलं बोट पुढे केलं.

काळ्यानं ते तोंडात घेतलं. तिचे आजोबा एक पाऊल पुढे सरकले. मीही सरकले.

"आं," मुलगी म्हणाली, अगदी हळू.

त्यानं बोट सोडलं. मग चाटलं. तिनं दुसरा हात खिशातून काढला.

टोपली या वेळीही तुमच्या आईनंच आणली. "आता जाऊ दे त्याला," ती म्हणाली. कुत्री दगडावर होती. उतरून फाटकापर्यंत चालत आली, टोपलीत नाक घातलं आणि माघारी वळली. रिक्षा सुरू झाली तेव्हा ती पुन्हा स्टाफरूममध्ये जाऊन बसली होती, या वेळी तोंड रस्त्याकडे. बाकीची पिल्लंही ठरल्या घरी गेली; कुत्री मात्र पुढे आमच्याकडेच राहिली. बंबाच्या खोलीतून तिला आणि पाणी तापवण्यातून गॅसला अक्कांनी एकाच दिवशी सुट्टी दिली.

बऱ्याच वर्षांनी तुमची आई शिकायला इतक्या लांब निघाली तेव्हा तुमच्या आजोबांनी मला विचारलं, "हिला पाठवायची तारीख तू ठरवणार का?" मी म्हणाले, नाही, तिलाच विचारा. विमानतळावर ती आत गेली, आणि मग मध्येच परत आली. काही विसरलं नव्हतं. नुसती येऊन गेली.

तर त्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्याशी हुज्जत घालू नका. पट्टा कुठं पळून जात नाही. पिल्लू घरी आलं की पहिल्या दिवशी धाकटीनं त्याच्या तोंडात बोट द्यावं, आणि दुखलं तर हळूच "आं" म्हणावं. त्याला कळेल.